बल्ब बदलायला माणूस कशाला?

पुण्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी राहतो. दोघी इंजिनिअर, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी. गेल्या पावसाळ्यात बाथरूमचा दिवा गेला आणि आम्ही चौघींनी नऊ दिवस मोबाइलचा टॉर्च खिडकीच्या कठड्यावर उभा करून आंघोळी केल्या.

पहिल्या दिवशी घरमालकांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "इलेक्ट्रिशियन बोलवून घ्या." पुढचे तीन दिवस इलेक्ट्रिशियन 'उद्या येतो' म्हणत राहिला. पाचव्या दिवशी आला, स्टुलावर चढला, छताला लावलेला काचेचा घुमट दोनदा हलवून पाहिला आणि उतरला. "मॅडम, स्क्रू गंजलेत. पूर्ण फिटिंग बदलावं लागेल." त्यानं सांगितलेला खर्च घरमालकांना पटेना आणि स्वतःच्या खिशातून द्यायला आम्ही तयार नव्हतो. मग आणखी चार दिवस टॉर्च.

नवव्या दिवशी आजीचा फोन आला. ती मालवणजवळच्या गावात राहते, वय ऐंशीच्या पुढे. मी सहज दिव्याचं रडगाणं गायलं. ती म्हणाली, "मेन बंद कर नि सोडव गो. तेच्यात काय एवढां?"

सोडवला. चाळीस मिनिटं लागली. आत साधा खाचेचा होल्डर होता आणि त्यात एक मेलेला एलईडी बल्ब. फिटिंगला काहीही झालेलं नव्हतं.

मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त राग आला. चाळीस मिनिटांच्या कामासाठी चार शिकलेल्या बायका नऊ दिवस अंधारात का बसल्या? माझं उत्तर सरळ आहे. घरातला अडकलेला दिवा सोडवणं हे भात लावण्याइतकं साधं कौशल्य आहे. ते आपल्याला येत नाही यात आपला आळस थोडा आहे. जास्त वाटा आहे तो आपल्याला असं घडवणाऱ्या तिघांचा: घर, शाळा आणि दिवे बनवणारा उद्योग.

'हात लावू नकोस'

घरापासून सुरुवात करू. विजेच्या वस्तूबाबत आपल्या घरांतलं पहिलं शिक्षण म्हणजे 'हात लावू नकोस'. तीन वर्षांच्या मुलासाठी ते बरोबरच आहे. पण ते वाक्य मुलगी तेवीस वर्षांची झाली तरी बदलत नाही. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला निदान टेस्टर धरायला तरी बोलावतात. मुलीला खाली उभं राहून स्टूल धरायला बोलावतात.

कारण विचारलं तर उत्तर येतं, "धोका असतो." हे उत्तर मला आता खोटं वाटतं. याच घरात आईनं मला सोळाव्या वर्षी गॅसचा सिलिंडर बदलायला शिकवलं होतं. रेग्युलेटर कसा बसवायचा, आतला रबरी वायसर आहे की नाही कसं बघायचं, वास आला तर काय करायचं, सगळं. उकळत्या तेलात पुऱ्या सोडायला शिकवलं. कुकरची शिट्टी साफ करायला शिकवलं. ज्वलनशील वायू, दोनशे अंशांच्या आसपासचं तेल आणि दाबाखालची वाफ ही कामं बायकांची, आणि बंद केलेल्या मेन स्विचखालचा एक बल्ब मात्र धोकादायक! धोक्याच्या हिशेबानं ही वाटणी झालेली नाही. स्टुलावर चढलेल्या माणसाकडे घर मान वर करून बघतं, तो बदलेपर्यंत सगळे थांबतात, झाल्यावर 'वा' म्हणतात. पुऱ्या तळणाऱ्या बाईला हे मिळत नाही. वाटणी त्या 'वा'ची आहे.

मुलग्यांचं फार बरं चाललंय असंही नाही. त्यांना येत असो वा नसो, येतंच असं गृहीत धरलं जातं. म्हणून ते विचारत नाहीत, जोर लावतात. होल्डरमध्येच तुटलेले बल्ब मी जितके पाहिलेत, त्यातले बहुतेक अशा न विचारलेल्या जोराचे बळी आहेत.

आणि जोराच्याही आधी एक तुच्छता असते. हात काळे होतील असं काम आपलं नव्हे, त्यासाठी 'माणूस' असतो, हे आपल्या समाजानं पिढ्यानपिढ्या जातीच्या हिशेबात मांडून ठेवलं. आता अ‍ॅपवरून माणूस बोलावतो, एवढाच फरक. 'माणूस बोलाव' या दोन शब्दांत, आपण स्वतः त्या कामापुरते माणूस नाही, अशी एक कबुली आहे ती कुणाला ऐकू येत नाही.

फ्लेमिंगचा डावा हात

आता शाळा. दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' शिकलेल्या माझ्या पिढीला फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम पाठ होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट एकमेकांना लंब धरायचं. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. पण होल्डरमधून बल्ब काढताना स्वतःचा हात कुठल्या दिशेला फिरवायचा हे मला कुणी शिकवलं नाही. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदी फुलं केली, भरतकाम केलं. ते वाईट नव्हतं. पण दहा वर्षांत एकदाही एक होल्डर, एक टेस्टर आणि एक स्क्रू ड्रायव्हर बाकावर आला नाही. खर्च किती आला असता? एका सहलीच्या बसच्या भाड्यात अख्ख्या शाळेला पुरले असते.

जे शाळेनं शिकवलं नाही ते इथे सांगते, कारण नुसता राग वाचून कुणाचा दिवा लागत नाही.

आपल्याकडे दोन प्रकारचे बल्ब दिसतात. एक खाचेचा, त्याचं नाव बी-२२. ब्रिटिशांकडून आपल्याकडे आलेला. त्याच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर आणि बाजूला दोन पिना. दुसरा आट्यांचा, ई-२७. तो २७ मिलिमीटरचा आणि 'ई' म्हणजे एडिसन.

खाचेच्या होल्डरमध्ये स्प्रिंग असते. ती बल्बला सतत बाहेर ढकलत असते आणि म्हणूनच पिना खाचेच्या वळलेल्या टोकात घट्ट बसतात. बंदुकीला संगीन लावतात तीच ही युक्ती. आता सरळ आहे: आधी बल्ब होल्डरच्या दिशेनं आत दाबायचा, म्हणजे पिना त्या टोकातून सुटतात. दाबलेला असतानाच घड्याळाच्या उलट फिरवायचा. मग तो स्वतःच बाहेर येतो. न दाबता फिरवला, तर पिना खाचेच्या भिंतीवर आपटतात आणि तुमचा सगळा जोर टोपी आणि काच यांच्या सांध्यावर जातो. काच हातात येते, टोपी होल्डरमध्ये राहते. 'बल्ब अडकलाय' असं आपण ज्याला म्हणतो, त्यात पुष्कळदा फक्त दाबायचं राहिलेलं असतं.

खरंच अडकतो तेव्हा त्याला कारणं असतात. वर्षानुवर्षं तापून होल्डरचं प्लॅस्टिक वाकडं होतं आणि पिनेला धरून ठेवतं. स्वयंपाकघरात तेलकट वाफेवर धूळ बसून चिकट लेप तयार होतो. रंगारी घाईत होल्डरवरून ब्रश फिरवून जातो. आणि समुद्राकाठी खारी हवा असते. दोन वेगळे धातू, उदाहरणार्थ अ‍ॅल्युमिनियमची टोपी आणि पितळेचा होल्डर, ओलसर खाऱ्या हवेत एकमेकांना टेकून राहिले की गंजणं वेगानं होतं. आजीच्या पडवीतले दिवे तिनं इतक्या वेळा सोडवलेत ते याच हवेमुळे.

यातलं एकही कारण गूढ नाही. सगळी पाहता येतात, समजतात.

अडकवून ठेवण्याचा धंदा

तिसरा आरोपी उद्योग. इथे जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण 'कंपन्या मुद्दाम असं करतात' म्हटलं की लोक आपल्याला कटकारस्थानवाले समजतात. बल्बच्या बाबतीत कारस्थान खरोखर झालं होतं आणि ते लेखी आहे. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी एक संघ स्थापन केला. नाव फीबस. ओसराम आणि फिलिप्स त्यात होत्या. त्यांनी बाजार वाटून घेतला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. सभासदांचे बल्ब प्रयोगशाळेत तपासले जात आणि ज्यांचे बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकत, त्यांना दंड होई. दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला.

कंपन्यांच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे. तारेचा बल्ब जास्त टिकवायचा तर त्याचा उजेड मंद होतो आणि त्याच विजेत कमी प्रकाश मिळतो. १,००० तास हा अगदीच अडाणी आकडा नव्हता. पण जास्त टिकणारी वस्तू बनवल्याबद्दल दंड घेणं याला ग्राहकाच्या सोयीचं काम म्हणता येत नाही.

आजचा डाव जास्त सभ्य आहे. २०१५मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि सरकारमार्फत देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, बल्ब स्वस्त झाले. चांगलंच झालं. हे बल्ब जुन्याच होल्डरमध्ये बसत होते, ही त्या योजनेतली मोठी शहाणपणाची गोष्ट. पण त्याच काळात नव्या फ्लॅटांच्या पीओपीच्या छतांत दुसरंच काही शिरलं: सीलबंद एलईडी पॅनेल. त्यात होल्डर नाही, बल्ब नाही, उघडायला स्क्रू नाही. गोल किंवा चौकोनी एक तबकडी, मागे दोन स्प्रिंगच्या पट्ट्या आणि वायर.

एलईडीचा प्रकाश देणारा भाग सहसा लवकर मरत नाही. मरतो तो त्याला वीज पुरवणारा छोटा सर्किटचा डबा, म्हणजे ड्रायव्हर. त्याला उष्णता सोसत नाही. सीलबंद तबकडीत उष्णतेला बाहेर पडायला जागा कमी, वर पीओपीची बंद पोकळी. काही रुपयांचा एक भाग जळतो आणि अख्खी तबकडी कचऱ्यात जाते. नवी घ्यायला जावं, तर त्याच मापाची मिळत नाही आणि छताचं भोक मोठं करावं लागतं. सुताराचं काम निघतं, मग रंगाऱ्याचं.

आमच्या बाथरूमच्या घुमटातला बल्ब मेला त्यातही उष्णतेचा हात असणार. हवा न खेळणाऱ्या बंद काचेत साधा एलईडी बल्ब लवकर जातो. बऱ्याच खोक्यांवर 'बंद फिटिंगमध्ये वापरू नये' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. किती बारीक? मी मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचलं.

हे असंच असावं लागतं का? नाही. युरोपीय संघात सप्टेंबर २०२१पासून नियम आहे की दिव्याच्या फिटिंगमधला प्रकाश देणारा भाग आणि वेगळा ड्रायव्हर नेहमीच्या हत्यारांनी, फिटिंगला इजा न करता बदलता आला पाहिजे. जिथे ते शक्य नाही तिथे उत्पादकानं तांत्रिक कारण द्यायचं. आपल्याकडे २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू केलं. मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं, घरगुती मोठी उपकरणं यांची चर्चा झाली. छताच्या दिव्याची कोण करणार? फोन महाग असतो म्हणून आपण त्याच्या बॅटरीसाठी भांडतो. दिवा स्वस्त असतो म्हणून गप्प बसतो. आणि एका घरात असे पंधरा-वीस दिवे असतात.

'मेलीस तर?'

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात मोठा: वीज मारते. खरं आहे. भारतात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्यानं मरतात. हा आकडा मला हलका करायचा नाही. पण माणूस मरतो तो विजेला हात लावल्यामुळे. बंद केलेल्या, तपासलेल्या होल्डरला हात लावून कुणी मरत नाही. मग बंद कसं करायचं आणि तपासायचं कसं, हे न शिकवणं ही सुरक्षितता झाली कशी? अज्ञानानं माणसं वाचत असती तर आपल्या देशात कुणाला शॉकच लागला नसता.

म्हणून क्रम पाठ करा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका. वायरिंग चुकीचं असेल, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असेल, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. दिवसाउजेडी मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद झाल्या झाल्या इन्व्हर्टर इमानदारीनं तुमच्या होल्डरला वीज पुरवायला लागतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का पाहा आणि मग मेन बंद करून कामाच्या जागी लावा. बल्ब गार होऊ द्या. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, स्टूल डुगडुगता नको, आणि घरात दुसरं माणूस हवं.

मग कामाला लागा. पकड येत नसेल तर भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. दाबा, थोडं मागेपुढे हलवा, फिरवा. घुमटाचे स्क्रू गंजले असतील तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब स्क्रूवर सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा. होल्डरच्या आत मात्र तेल जाता कामा नये. स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसेल त्याच मापाचा घ्या. आणि आजीची युक्ती: स्क्रू सोडवण्याआधी केसभर आवळा. गंजाची पकड तुटते, मग तो सुटतो. एक हात कायम काचेखाली ठेवा. परत लावताना स्क्रू करकचून आवळू नका; तापल्यावर काच प्रसरण पावते आणि तडकते.

आणि थांबायचं कुठे तेही ठरवा. होल्डर काळा पडलाय, वायरीचं आवरण भुगा होतंय, छतातून पाणी झिरपतंय, जळका वास येतोय, मेन बंद असूनही टेस्टर पेटतोय, तर उतरा खाली. तिथून पुढे वायरमनचं काम सुरू होतं.

रीलवाल्यांचं ऐकू नका. तुटलेल्या बल्बच्या टोपीत अर्धा बटाटा खुपसून फिरवायची युक्ती दर काही महिन्यांनी माझ्या फोनवर येते. ती परदेशातल्या आट्यांच्या बल्बसाठीची. आपल्या खाचेच्या होल्डरमध्ये आधी दाबायचं असतं, तिथे बटाटा चिरडतो आणि त्याचं पाणी होल्डरमध्ये उतरतं. मेन बंद करून, तपासून, पकडीनं टोपीची कड धरा, दाबा आणि फिरवा. तीस सेकंदांचा व्हिडिओ होणार नाही, पण बल्ब निघेल.

दुसरा आक्षेप जास्त मनाला लागणारा आहे: मग इलेक्ट्रिशियनचं पोट कसं भरायचं? मी नंतर एका ओळखीच्या वायरमनला हेच विचारलं. तो हसला. म्हणाला, "ताई, बल्बसाठी आलो तर पेट्रोलही सुटत नाही. म्हणून तर 'उद्या येतो' सांगतो." आम्हाला 'पूर्ण फिटिंग बदला' सांगणाऱ्यावरचा माझा राग त्या दिवशी थोडा उतरला. गंजलेल्या स्क्रूशी चाळीस मिनिटं झगडून त्याला कोण किती देणार होतं? आपण त्याच्या वेळेची किंमत द्यायला तयार नसतो, नव्या वस्तूची देतो. मग तो वस्तू विकतो. त्याच्या हातातल्या खऱ्या विद्येला, म्हणजे अर्थिंग तपासणं, चुकलेलं वायरिंग शोधणं, आरसीसीबी बसवणं याला, आपण पुरेसे पैसे द्यावेत. बल्ब आपला आपण बदलावा. दोघांचाही मान त्यात आहे.

दुकानातले तीन प्रश्न

शेवटी, पुढच्या वेळी दिवा घ्यायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. यातला बल्ब किंवा ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? उघडायला कुठलं हत्यार लागतं? आणि पाच वर्षांनी याच मापाचं मिळेल का? दुकानदार वैतागेल. वैतागू दे. दहा जणांनी विचारलं की तो एजंटला विचारेल. नवं घर घेत असाल तर बिल्डरकडून 'प्रीमियम लायटिंग' ऐकून मान डोलवण्याआधी छताकडे बोट दाखवून हेच विचारा. भाड्यानं राहत असाल तर किल्ली घेतानाच मेन स्विच कुठे आहे ते बघा. आम्हाला तो सापडायलाच नवव्या दिवशी दहा मिनिटं लागली होती; चपलांच्या कपाटामागे होता.

आमच्या घरात आता एक डबा आहे. टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, पकड, रबरी हातमोजे. सगळं मिळून एका पिझ्झाच्या पैशांत आलं. परवा स्वयंपाकघरातला बल्ब गेला. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीनं कुणाला न विचारता मेन बंद केला, तेव्हा माझी मीटिंग चालू होती आणि वायफाय गेलं. मी ओरडले, "अगं, सांगायचंस तरी!"

ती स्टुलावरून म्हणाली, "दोन मिनिटं थांब. दाबतेय."